काळी माती, चुना आणि राख

मातीवर व्याख्यान म्हटले की मायभूमी, मातृभूमी असे काहीतरी कानावर पडणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आजचा विषय त्याहून पुष्कळच खालचा आहे. घराच्या जोत्याखाली आणि रस्त्याच्या खडीखाली जी काळी माती असते तिच्याविषयी मी बोलणार आहे. मी इंजिनिअर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे जे शिकलो ते वाचनालयात, साखर कारखान्यांच्या बॉयलरपाशी, बाजारातल्या हमालांत आणि रस्त्यावर घमेली वाहणाऱ्या मजुरांत. परंतु ज्या मातीवर आपण उभे आहोत ती समजून घ्यायला पदवी लागत नाही, थोडी चिकाटी लागते. ती आपणापाशी आहे असे धरून मी सुरुवात करतो.

काळी आणि पांढरी

आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानलेले होते. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. गावठाण पांढरीवर, शेत काळीत. वाडवडिलांनी ही वाटणी केली त्यामागे सोय होती, तसा अनुभवही होता. काळीवर भिंत उभी केली तर ती टिकत नाही हे त्यांना पिढ्यानपिढ्या दिसले होते. पांढरीची माती भिंतीला चालते, धाब्यावर पसरायला चालते. काळी मात्र फक्त पेरायची.

आता ती वाटणी राहिलेली नाही. लोणंदसारखे गाव घ्या. पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन, कांद्याची मोठी बाजारपेठ, माउलींच्या पालखीचा मुक्काम, उत्तरेला नीरा नदी आणि कालव्याचे पाणी. असे गाव वाढणारच. वाढले की ते गावठाणातून बाहेर पडते आणि काळीत शिरते. मुरमाड, उंचावरची जागा ज्याच्याकडे पैसा आहे तो घेतो. हमाल, साखर कामगार, ऊसतोडीहून परतून गावात स्थिर होऊ पाहणारा मजूर यांच्या वाट्याला ओढ्याकाठचा, सखल, काळ्या रानातला स्वस्त तुकडा येतो. आयुष्यभराची पुंजी घालून तो दोन खोल्या बांधतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तिरकी फाटते. गवंडी म्हणतो सिमेंट कमी पडले, शेजारी म्हणतो वास्तू नीट झाली नाही. बहुतेक वेळा दोघेही चुकतात. दोष पायाखालच्या मातीत असतो आणि तिची चौकशी कोणी केलेलीच नसते.

माती फुगते म्हणजे काय होते

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यांचा काळा पाषाण झाला, तो ऊनपावसाने कुजला आणि त्याची माती सखल भागात येऊन बसली. तीच आपली काळी, कापसाची माती. देशाच्या जमिनीचा जवळजवळ पाचवा हिस्सा अशा मातीने व्यापलेला आहे असे मानतात.

या मातीत एक खनिज असते. शास्त्रज्ञ त्याला माँटमोरिलोनाइट म्हणतात. त्याची घडण वहीच्या पानांसारखी आहे. अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले आणि दोन पापुद्र्यांमधली पकड फार सैल. पाणी मिळाले की ते या फटींत शिरते, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि माती फुगते. उन्हाने पाणी निघून गेले की पापुद्रे पुन्हा मिटतात, माती आक्रसते आणि रानात बैलाचा पाय अडकेल अशा भेगा पडतात. या भेगा मीटर-दीड मीटरपर्यंतही खोल जातात.

पापुद्रे किती पातळ याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब सांगतो. या खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर सुमारे 800 चौरस मीटर जागा भरते. आपल्या मापात जवळजवळ आठ गुंठे! चिनी मातीच्या भांड्यांसाठी वापरतात त्या केओलिनाइट खनिजाचा एक ग्रॅम असाच पसरला तर जेमतेम गुंठ्याचा पाचवा हिस्सा भरेल. एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटते, म्हणून काळी पाणी धरून ठेवते, म्हणूनच ती कोरडवाहू ज्वारी पिकवते. शेतकऱ्याला जो गुण तोच घरमालकाला दोष.

फुगणाऱ्या मातीला वरून दाबून धरले तर ती उलट वर ढकलते. हा दाब चौरस मीटरला वीस-तीस टनांपर्यंत जाऊ शकतो. एका मजल्याच्या साध्या घराचा पायावरचा भार चौरस मीटरला पाच-सात टनांच्या आसपास असतो. तेव्हा कुस्ती कोण जिंकणार हे उघड आहे. शिवाय हा दाब सगळीकडे सारखा येत नाही. पावसाळ्यात घराच्या कडेची माती आधी भिजते, मधली कोरडी राहते. उन्हाळ्यात कडेची आधी वाळते. कडा वर जातात, खाली बसतात, मध्य जागेवर राहतो. म्हणून भेग दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरकी निघते आणि म्हणूनच पावसाळ्यात दार चौकटीत अडकते. लहान, हलक्या घराला याचा त्रास मोठ्या इमारतीपेक्षा जास्त होतो. म्हणजे इथेही मार गरिबालाच.

आपली माती किती फुगते हे पाहायची एक सोपी चाचणी आहे. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करावेत. खुणा असलेल्या दोन काचनळ्या घेऊन एकीत रॉकेल भरावे, दुसरीत शुद्ध पाणी, आणि प्रत्येकीत एक भाग माती टाकून ढवळून चोवीस तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधली माती 10 मिलिलिटर भरली आणि पाण्यातली 18, तर फरक 8, म्हणजे फुगवटा 80 टक्के. भारतीय मानकाप्रमाणे 50 टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी, 50 ते 100 मध्यम, 100 च्या पुढे जास्त आणि 200 च्या पुढे अति. शाळेच्या प्रयोगशाळेत होणारी ही गोष्ट आहे. ती घर बांधण्याआधी आपल्याकडे किती जण करतात?

चुना काय करतो

या मातीला चुन्याने वळण लावता येते. हे कसे, ते पाहू.

चोपण जमिनीत आपण जिप्सम टाकतो ते कशासाठी? मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, त्यामुळे ती चिकट होते, पाणी मुरत नाही. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो, कण एकत्र येतात आणि जमीन भुसभुशीत होते. चुन्याचे पहिले काम हेच आहे. चुन्यातला कॅल्शियम पापुद्र्यांना जाऊन धरतो, त्यांच्याभोवतीचे पाण्याचे वेष्टन पातळ होते आणि सुटे कण गोळा होऊन रवाळ बनतात. हे काही तासांतच दिसू लागते. पायाला चिकटणारा चिखल हातात घेतला तर भरभरीत लागतो.

दुसरे काम सावकाश होते. चुन्याने माती अतिशय अल्कधर्मी बनते. त्या अवस्थेत मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना विरघळू लागतात, चुन्याशी संयोग पावतात आणि सिमेंटमध्ये तयार होतो तसा चिवट पदार्थ बनतो. तो कणाला कण सांधतो. हे काम आठवडे, महिने चालते. पहिल्या कामाने माती माणसाळते, दुसऱ्याने ती बळकट होते.

एका शेतकऱ्याने मला विचारलेला प्रश्न इथे सांगण्यासारखा आहे. तो म्हणाला, आमच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे मुबलक आहेत, मग ती माती आपोआप का सुधारत नाही? प्रश्न बिनतोड आहे. उत्तर असे की चुनखडीतला चुना बांधलेला असतो, तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तीच चुनखडी भट्टीत 900 अंशांच्या आसपास भाजली की 100 किलोमधून 44 किलो कर्बवायू उडून जातो आणि 56 किलो कळीचा चुना राहतो. त्यावर 18 किलो पाणी खर्ची पडले की 74 किलो भिजवलेला चुना होतो. हा चुना कामाचा. मात्र तो हवेत उघडा पडला तर हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा चुनखडी होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

चुन्याने माती बांधण्याची आधुनिक पद्धत अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रस्त्यांवर रुळली. 1974 साली सुरू झालेल्या तिथल्या डॅलस-फोर्टवर्थ विमानतळाखालीही अशीच फुगणारी माती असून ती चुन्याने बांधलेली आहे. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने माती-चुन्याच्या रस्त्यांसाठी 1973 साली मार्गदर्शक नियम काढले. पन्नास वर्षांहून अधिक काळ नियम आहेत. खेड्यातल्या रस्त्यावर मात्र ते क्वचितच उतरतात.

राखेचे काम

चुन्याला सिलिका हवी असते. ती मातीतून मिळते, पण हळूहळू. बाहेरून चांगली, बारीक सिलिका दिली तर काम जोमाने होते. इटलीतल्या पोझुओली गावची ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात मिसळीत ती याचसाठी. आपल्या वाड्यांच्या, किल्ल्यांच्या बांधकामात बैलांच्या घाणीत चुना मळताना विटांची भुकटी घालीत तीही याचसाठी.

आपल्या मुलखात ही सिलिका शेतीच्या टाकाऊ मालात आहे. भात आणि ऊस ही दोन्ही पिके जमिनीतून सिलिका शोषतात. शंभर किलो भातातून सुमारे 20 किलो तूस निघते आणि ते जाळले की सुमारे 4 किलो राख उरते. बेताच्या आचेवर, म्हणजे 700 अंशांच्या आत जाळलेल्या या राखेत 85 ते 90 टक्के सिलिका असते. आच फार झाली तर सिलिकेचे स्फटिक बनतात आणि ती चुन्याशी नीट संयोग पावत नाही. वाई, जावळी, पाटणच्या भातखाचरांतला माल गिरणीतून जातो तेव्हा मागे राहणारे तूस म्हणजे असे भांडार आहे.

सातारा-सांगलीच्या दृष्टीने याहून मोठे भांडार साखर कारखान्यांचे. शंभर टन उसातून 28 ते 30 टन चिपाड निघते, ते बॉयलरमध्ये जळते आणि त्याची दोन-तीन टक्के राख होते. रोज 5,000 टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा हिशेब मांडू. चिपाड 1,500 टन, राख रोज 30 ते 45 टन. दीडशे दिवसांच्या हंगामात 4,500 ते 6,750 टन. बॉयलरवरचा कामगार ही राख ओढतो, ट्रॅक्टर ती वाहतो आणि कुठल्यातरी खाणीत किंवा ओढ्याच्या काठी तिचा ढीग पडतो. वारा सुटला की तीच राख वस्तीवरच्या वाळवणावर बसते.

आता दुसरा हिशेब. साडेपाच मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याखालची 30 सेंटिमीटर माती बांधायची म्हटले तर ती 1,650 घनमीटर, वजनाने सुमारे 2,500 टन. तिच्यात चार टक्के चुना धरला तर 100 टन आणि आठ टक्के राख धरली तर 200 टन. एका कारखान्याच्या एका हंगामाची राख अशा वीस-तीस किलोमीटर रस्त्याला पुरेल. हे प्रमाण केवळ उदाहरणादाखल आहे, खरे प्रमाण त्या त्या मातीची आणि राखेची परीक्षा करूनच ठरते. चिपाडाच्या राखेत सिलिका तुसाच्या राखेपेक्षा कमी असते, उसाबरोबर आलेली वाळू असते, अर्धवट जळलेला कोळसाही असतो. कोळसा जास्त असेल तर ती राख निकृष्ट. चाळून, शक्य तर दळून घ्यावी. आणि हे पक्के समजावे की नुसती राख मातीला बांधीत नाही. चुन्यावाचून राख म्हणजे हळदीवाचून कुंकू. कुंकू होते ते हळदीला चुना भेटल्यावरच!

कामाची रीत

पहिली गोष्ट, वरची सहा-आठ इंच सुपीक माती काढून बाजूला करावी. तिच्यातला सेंद्रिय अंश चुन्याच्या कामात अडथळा आणतो, आणि ती माती शेताच्या मोलाची आहे. दुसरी गोष्ट, खालची माती फोडणे. सगळ्या कामाचे मर्म इथे आहे. ढेकळाच्या आत चुना शिरत नाही. कोरडी काळी दगडासारखी, ओली चिखलासारखी, म्हणून ती वाफशावरच धरली पाहिजे. कुळवाने, रोटाव्हेटरने ती बारीक करावी. पेरणीची घात ओळखणारा शेतकरी हे काम कंत्राटदारापेक्षा चांगले ओळखतो.

माती फारच चिकट असेल तर अर्धा चुना मिसळून दिवसभर झाकून ठेवावे. ढेकळे मऊ पडतात. मग उरलेला चुना आणि राख घालून मिसळावे, बेताचे पाणी शिंपावे आणि लगेच रोलर फिरवावा. चुना पसरून दोन-दोन दिवस उघडा ठेवला तर मघाशी सांगितल्याप्रमाणे त्याची चुनखडी होते आणि पैसा मातीत जातो. दाबल्यानंतर निदान सात दिवस ओलावा टिकवावा, पोती किंवा पाचट अंथरून पाणी मारावे.

चुना किती, हे ठरवण्याचीही रीत आहे. थोड्या थोड्या मातीत एक, दोन, तीन, चार टक्के असा वाढता चुना पाण्यातून मिसळून तासाभराने अल्कता मोजतात. ज्या प्रमाणाला ती 12.4 या अंकावर पोहोचते तेवढा चुना निदान हवा. बहुधा तो तीन ते पाच-सहा टक्क्यांत बसतो. कमी घातला तर माती रवाळ होते, बळकट होत नाही. फार घातला तर उरलेला चुना नुसता पडून राहतो. चार दिवस पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीची भार पेलण्याची क्षमता उत्तम खडीच्या मानाने शंभरात दोन-तीन असते. चुना-राखेने ती कैक पटींनी वाढते आणि वर तेवढी खडी कमी लागते.

कुठे चालते, कुठे नाही

औषध उतारा म्हणून विकणारे गावोगाव भेटतात, तसे मला करायचे नाही. चुना-राखेचा थर रस्त्याखाली, अंगणाखाली, कांद्याच्या चाळीच्या जमिनीखाली, घरातल्या कोब्याखाली उत्तम. पण घराच्या भिंतीचा पाया फूटभर बांधलेल्या मातीवर ठेवून निर्धास्त व्हाल तर फसाल, कारण खालची माती फुगायची थांबत नाही. साडेतीन मीटरच्या आसपास खोल गेले म्हणजे ओलावा वर्षभर बहुतेक स्थिर राहतो. म्हणून रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने 1950 नंतरच्या दशकात खाली कंदासारख्या फुगीर बुडाचे खांब ओतण्याची पद्धत बसवली. खांबाचे बूड स्थिर मातीत रुतते आणि वरची तुळई जमिनीपासून थोडी सुटी ठेवतात.

दुसरा उपाय मुंबईच्या आय. आय. टी.चे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आला. फुगणाऱ्या मातीवर चिकटपणा असलेली पण न फुगणारी माती, जसा आपला चिकणसर मुरूम, सुमारे मीटरभर जाडीने दाबून बसवली तर खालचा फुगवटा आवरतो. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्यावर ही पद्धत वापरली गेली. त्यातला बोध असा की पायात नुसती वाळू भरून हा फुगवटा आवरत नाही. वाळूला चिकटपणा नाही आणि ती पाणी खाली पोहोचवते.

मग कोणी म्हणेल, मुरूमच टाकू, चुना-राखेची उठाठेव कशाला? मुरूम जवळ असेल तर जरूर टाकावा. पण काळ्या रानाच्या मध्यावर मीटरभर मुरूम म्हणजे दहा फूट बाय दहा फुटाच्या एकाच खोलीला सव्वातीन ब्रास. प्रत्येक ब्रास कुठल्यातरी टेकडीतून येतो आणि टेकड्या पुन्हा उगवत नाहीत. राख दर हंगामाला नव्याने तयार होते.

आणखी एक सावधगिरी. कालव्याच्या पाण्याने खारावलेल्या जमिनीत, नीरेच्या आणि कृष्णेच्या काठी अशा पुष्कळ आहेत, सल्फेट जास्त असू शकते. तिथे चुना घातला तर सल्फेटाशी संयोग होऊन उलट फुगणारे खनिज बनते. म्हणून सल्फेट तपासल्यावाचून अशा जमिनीत चुन्याला हात लावू नये. आणि ज्यांची घरे आधीच उभी आहेत त्यांनी निदान एवढे करावे: घराभोवती चार-पाच फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा, पागोळ्यांच्या पाण्याला वाट, न्हाणीचे पाणी भिंतीपासून दूर, आणि भिंतीलगत मोठे झाड नाही.

मजुराचे हात

चुना मातीला वळण लावतो तसा माणसाच्या कातडीलाही सोडत नाही. एका रस्त्याच्या कामावर अनवाणी बाया घमेल्यातून चुना पसरताना मी पाहिल्या आहेत. घाम आणि चुना एकत्र आला की कातडी भाजते. बोटांच्या बेचक्यांत आधी, मग पायांना. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्या कामावर चष्मा मागितला तेव्हा कंत्राटदाराने विचारले, चुना पानात खाता, मग हाताला कसला लागतो?

उत्तर सरळ आहे. पानाला लागतो तो कळा निघून गेलेला बोटभर चुना, आणि इथे शंभर-शंभर टन. गमबूट, हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, तोंडावर चांगला मुखवटा आणि हाताशी स्वच्छ पाण्याचा पिंप, एवढे नसेल तर पोते फोडू नये. डोळ्यात चुना गेला तर चोळू नये, निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावा आणि थेट दवाखाना गाठावा. वाऱ्याकडे पाठ करून पसरावे. कळीचा चुना भिजवताना चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये, ते उकळून अंगावर उडते. राखेची धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून तीही ओलसर करूनच हलवावी. 1996 साली बांधकाम मजुरांसाठी कायदा आणि बांधकामावर उपकर आला तो मजुरांच्या सुरक्षेसाठी आणि कल्याणासाठीच. रस्ता टिकाऊ झाला आणि बाईचे डोळे गेले, तर त्या रस्त्याला मी स्वस्त म्हणणार नाही.

तेव्हा मागण्या तीन, आणि त्या ग्रामसभेत उभे राहून करता येतील अशा. घरकुलासाठी जागा वाटण्याआधी मातीची फुगवट्याची परीक्षा व्हावी आणि निकाल चावडीवर लागावा. काळ्या रानातल्या रस्त्याच्या अंदाजपत्रकात माती बांधण्याचा विचार केला की नाही, हे लोकांना दाखवावे. कारखान्यांनी राखेची परीक्षा करून ती ढिगात टाकण्याऐवजी कामाला द्यावी. यातली एकही मागणी आवाक्याबाहेरची नाही. वाडवडिलांनी काळी आणि पांढरी नुसत्या नजरेने ओळखली होती. आपल्यापाशी काचनळी आहे, हिशेब आहे आणि छापील नियम आहेत. आता कामगाराच्या घराची भिंत फाटली तर ते नशीब म्हणून सोडून देण्याचे कारण उरलेले नाही.